पाणी पिण्यास योग्य

ग्लासातल्या पाण्याचा रंग बदलायला लागला तशी सूनबाईने मांडीवरच्या बाळाला उचलून छातीशी घेतलं.

टेबलावर दोन ग्लास होते. एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनवाल्याने स्वतःच्या बाटलीतून ओतलेलं. एका डबीला जोडलेल्या लोखंडी कांड्या त्याने दोन्ही ग्लासांत बुडवल्या होत्या आणि डबीची वायर प्लगमध्ये खोचली होती. मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, आणि मग त्यात गाळ धरून तो सावकाश खाली बसायला लागला. दुसऱ्या ग्लासातलं पाणी जसंच्या तसं.

"हे तुम्ही पिता," मशीनवाला म्हणाला. कुणी गेल्याची बातमी सांगावी असा आवाज त्याने या वाक्यासाठी खास कमावलेला होता. "मी काही बोलत नाही. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"आणि ही दीड महिन्याची आहे," सूनबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली.

ओट्याला टेकून उभ्या असलेल्या सासूबाई हे सगळं बघत होत्या. या सासूबाई म्हणजे आपल्या लॅबवाल्या काकू. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. मुलाने गावाबाहेर नव्या वसाहतीत घर घेतलं आणि तिघं मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ तिथे राहायला आलं, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तेवढ्यात अख्ख्या गल्लीला त्यांचं हे नाव पाठ झालं होतं, कारण नव्या शेजाऱ्याला लोक नाव-गाव विचारतात तिथे काकू विचारायच्या, "पाणी कुठलं पिता?"

काकूंनी मिठाची बरणी उघडली, चिमूटभर मीठ घेतलं आणि टेबलापाशी आल्या.

"तुमच्या त्या चांगल्या पाण्यात एवढं टाका बघू."

"मावशी, ते शुद्ध पाणी आहे."

"म्हणूनच म्हणते. घरातलं मीठ आहे, विष नाही."

मशीनवाल्याने मुलाकडे पाहिलं. मुलाला आईचा हा सूर लहानपणापासून ठाऊक होता, त्यामुळे तो खुशाल खुर्चीत मागे रेलून बसला. काकूंनी स्वतःच मीठ टाकलं, चमच्याने ढवळलं आणि कांड्या परत आत सोडल्या. शुद्ध पाणी पाहता पाहता पिवळं झालं, आणि नंतर पहिल्या ग्लासापेक्षाही घाण दिसायला लागलं.

"पाण्यात क्षार असले की वीज खेळते," काकू सूनबाईला म्हणाल्या, जणू मशीनवाला तिथे नव्हताच. "वीज खेळली की या कांड्यांचं लोखंड झिजतं. हा गाळ आपल्या पाण्यातला नाही गं, यांच्या कांडीतला आहे. आमच्या लॅबमध्ये असले चार जण येऊन गेले."

मुलगा मोठ्यांदा हसला. सूनबाईही हसली, पण उशिरा.

मशीनवाला चिडला नाही. त्याने वायर गुंडाळली, कांड्या फडक्याला पुसल्या. "खेळ तर खेळच आहे मावशी, नाही कुठे म्हणतो. कंपनी शिकवते, आम्ही करतो. पण एक विचारू? ही घरं व्हायच्या आधी इथे काय होतं?"

"जमीन होती," काकू म्हणाल्या, आणि मुलगा पुन्हा हसला.

मशीनवाला मागच्या खिडकीतून बाहेर बघत होता. कुंपणापलीकडचं सगळं रान उन्हाने पिवळं पडलेलं, आणि वसाहतीची मोठी टाकी भरून वाहायची तेवढ्याच पट्ट्यात गवत कमरेएवढं, काळपट हिरवं माजलेलं होतं. "गवत फार जोरात आहे," तो म्हणाला.

"पाणी चांगलं आहे म्हणून."

टेबलावर कार्ड ठेवून तो गेला. काकू जे बोलल्या होत्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि घर बुडवायला कधी कधी तेवढंही पुरतं.

काकूंची नोकरी काय होती ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणी त्यांना अडाणी म्हणेल. अडाणी त्या नव्हत्या. नवरा लवकर गेला तेव्हा त्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्याच्या कामावर लागल्या. दोन वर्षांत वस्त्यावस्त्यांतून नमुने आणायला लागल्या. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, मगच बाटली धरायची, हे त्यांच्याइतकं नेमाने कुणी करायचं नाही. आणि दहा वर्षांत अशी वेळ आली, की पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे साहेबांच्या आधी काकूंना कळायचं. नमुन्याची नळी त्या उजेडासमोर धरायच्या, आत जंतूंमुळे बुडबुडा धरलाय का पाहायच्या आणि सांगायच्या, "हे गेलं" किंवा "हे राहिलं." एका उन्हाळ्यात नदीकाठच्या वस्तीत माणसं पटापट आजारी पडली तेव्हा पहिली नळी काकूंनीच ओळखली. रविवार होता, साहेब घरी होते. काकूंनी फोन करून वस्तीचं पाणी बंद करवलं. अहवालावर सही साहेबांची झाली, सत्कार साहेबांचा झाला. काकूंनी त्या सत्काराचे पेढे वाटले आणि ते त्यांना कडू लागले, पण तसं त्या कुणाला बोलल्या नाहीत.

एकतीस वर्षांत एकाही कागदावर त्यांची सही नव्हती. मदतनिसाने सही करायची पद्धतच नव्हती.

आणखी एक गोष्ट. त्यांचा जंतूंचा विभाग तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर पाण्यात विरघळलेल्या गोष्टी तपासायचे: क्षार, धातू, खतांचे अंश. शहराचं पाणी डोंगरातल्या धरणाचं. त्यामुळे वरून कधी घाबरवणारा निकाल आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माणसं मरायची ती तळमजल्याच्या कारणांनी, जुलाबाने, काविळीने, टायफॉइडने. वरचे लोक काचेच्या भांड्यांत रंग बघत बसतात आणि चार वाजता चहा पितात, एवढीच काकूंची त्यांच्याबद्दलची समजूत होती. ती बदलायची वेळ कधी आलीच नाही.

मशीनवाला गेला त्या संध्याकाळी घरात थोडी चर्चा झाली. मुलाच्या ऑफिसातल्या कुणी निळ्या दिव्याचं यंत्र सांगितलं होतं, शेजाऱ्यांकडे मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या कँडलचा साधा फिल्टर होता, आणि मशीनवाल्याचं मोठं यंत्र तर होतंच.

"आई, घेऊन टाकू या ना ते मोठं," सूनबाई म्हणाली. "असलं तर असलं. बाळाचं दूध त्यातच होतं."

तिला बाळंतपणानंतर ताप आला आणि दूध आटलं, त्यामुळे बाळ तिसऱ्या आठवड्यापासून पावडरच्या दुधावर होतं. ही गोष्ट तिच्या मनाला फार लागलेली होती आणि बाटलीचं काहीही निघालं की तिचा आवाज बारीक व्हायचा.

"ते यंत्र पाण्यातलं होतं नव्हतं सगळं काढतं," काकू म्हणाल्या. "हाडांना लागतं तेही. नुसतं फिकं पाणी पोरीच्या पोटात घालायचं? मी तपासते की पाणी. खराब निघालं तर घ्या तुमचं यंत्र, मी आड येणार नाही."

मुलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "लॅब घरातच असताना आपण बाहेर कशाला विचारायचं?" तो म्हणाला. तो कौतुकाने बोलला होता. सूनबाईने मान हलवली आणि बाळाची बाटली धुवायला आत गेली.

काकूंनी जुन्या ऑफिसातून औषध घातलेल्या छोट्या बाटल्या मागवल्या. अशा बाटलीत पाणी भरून उबेत ठेवायचं. दीड दिवसात काळं झालं तर जंतू आहेत, नाही झालं तर नाहीत. त्यांनी नळाचं तोंड जाळलं, पाणी वाहू दिलं, बाटली भरून जुन्या स्वेटरात गुंडाळली आणि फ्रिजवर ठेवली. दीड दिवसानंतर खिडकीत धरून पाहिलं. पाणी भरलं तेव्हा होतं त्याच रंगाचं होतं. एकतीस वर्षांत इतकं स्वच्छ पाणी त्यांनी थोड्याच वेळा पाहिलं असेल.

तरी बाळासाठी त्या पाणी उकळायच्याच. आणि काकूंचं उकळणं म्हणजे एक उकळी आली की गॅस बंद, असलं नव्हतं. पातेलं निम्मं होईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. "जंतूला दया दाखवायची नाही," असं त्या म्हणायच्या.

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळी वसाहत एकाच बोअरच्या पाण्यावर, सगळ्यांकडे मशीनवाला येऊन गेलेला, सगळ्यांनी ग्लासातला गाळ पाहिलेला आणि सगळे धास्तावलेले. लोक काकूंकडे यायला लागले. काकू प्रत्येकाच्या घरी गेल्या. पाणी एकाच बोअरचं, मग अकरा वेळा कशाला तपासायचं, असं मुलगा म्हणाला, तर काकू म्हणाल्या, "टाक्या वेगळ्या, नळ वेगळे. तपासायचं तर नीट तपासायचं." अकराही घरांचं पाणी स्वच्छ निघालं. प्रत्येक घराला त्यांनी वहीचं अर्धं पान लिहून दिलं: पाणी तपासले. पिण्यास योग्य. खाली तारीख, आणि त्याखाली आपली सही, पूर्ण नावानिशी.

पहिली चिठ्ठी लिहिताना त्यांनी सही दोनदा केली, कारण पहिली मनासारखी आली नाही.

कोपऱ्यावरच्या घरात एक शिवणकाम करणारी राहायची. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिला मुलगा होऊन महिनाही झाला नव्हता. काकूंची चिठ्ठी तिने गॅसच्या वर भिंतीला चिकटवली. "तुम्ही आलात ते फार बरं झालं बघा," ती म्हणाली. "एकटीला काही सुचत नाही हो." पुढच्या आठवड्यात काकू दळण आणायला चालल्या होत्या तेव्हा तिने त्यांना हाक मारून थांबवलं होतं. "काकू, मीपण डबा आणलाय दुधाचा. कामं खूप आलीत, अंगावरचं पुरत नाही. तुमच्यासारखंच निम्मं उकळू ना?"

"निम्मं," काकू म्हणाल्या होत्या. "त्यात कुचराई नको."

नात आता फारशी रडत नव्हती. सगळे म्हणायचे, किती गुणी पोर. दूध प्यायची, झोपायची, उठवलं तर डोळे उघडून पुन्हा मिटायची. सूनबाईला एक दिवस तिची नखं वेगळी वाटली.

"आई, हिची नखं बघा ना. निळसर दिसत नाहीत का?"

"गारठा आहे. मोजे घाल."

"गारठा कुठे आहे?"

काकूंनी नखं पाहिली. त्यांना ती थोडी निळसर वाटली आणि मग नाही वाटली. माणूस पाहायचं नसलं की असं होतं, आणि उजेडात नळी धरून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांनाही ते चुकत नाही. त्यांनी मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी बाळाचं पोट बिघडलं, तेव्हा त्यांनी पातेलं निम्म्याहून खाली आटवलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी दुपारी सूनबाई बाळाला पाजायला बसली आणि बाळाने बाटली तोंडात धरलीच नाही. ओठ ओल्या पाटीसारखे राखाडी झाले होते. सूनबाई ओरडली नाही. ती उठली, पायांत चपला घातल्या आणि बाळाला घेऊन चालायला लागली. काकू पिशवी घेऊन मागून धावल्या. मुलाला वाटेतूनच फोन केला.

दवाखान्यात बाळाला नळीने प्राणवायू लावला. बराच वेळ लावला. रंगात काही फरक पडेना. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं आणि हृदय, फुप्फुस ठीक आहे म्हणाल्या. मग त्यांनी रक्त घेतलं. काकू अगदी शेजारी उभ्या होत्या. सिरिंजमध्ये चढलेलं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. डॉक्टरबाईंनी ते पांढऱ्या कापसावर टाकून हवेत धरलं, थोडं थांबल्या, ते लाल होईना. मग त्या वळल्या.

"दूध कुठलं देता?"

"पावडरचं," सूनबाई म्हणाली.

"पाणी?"

"बोअरचं," काकू म्हणाल्या. "पण उकळून देते मी. निम्मं होईपर्यंत."

डॉक्टरबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. त्यांनी काकूंकडे पाहिलं त्यात राग नव्हता, आणि राग असता तर काकूंना परवडलं असतं.

"त्या जागेवर आधी काय होतं, माहीत आहे?"

"कोंबड्यांची शेडं होती म्हणतात," मुलगा म्हणाला. "पंधरा-वीस वर्षं. आम्हाला आल्यावर कळलं."

"म्हणजे एवढ्या वर्षांचं खत जमिनीत मुरलंय, आणि ते पाण्यात उतरलंय. नायट्रेट म्हणतात त्याला. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्यांना सहसा लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्याने प्राणवायू पोचवायचं थांबवतं. आणि उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते आटत नाही. निम्मं उकळलंत तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट झालं."

नर्सने औषधाची सुई भरून आणली. औषध गडद निळं होतं. लॅबमध्ये काचपट्टीवरचे जंतू दिसावेत म्हणून हाच रंग वापरायचे आणि तो हातांना लागला की आठवडाभर जायचा नाही. काकूंनी मान फिरवली.

"पाणी तपासून घेतलं होतं का कुठे?" डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"घेतलं होतं," मुलगा म्हणाला.

"कुणी तपासलं?"

मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. "ओळखीचं माणूस आहे एक."

काकू तोंडात मिठाची गुळणी धरून उभ्या राहिल्या. सूनबाईने फक्त एकदा वर पाहिलं. ती काही बोलली असती तर काकूंनी ऐकून घेतलं असतं, पण तिने पुन्हा मान खाली घातली आणि बाळाचे मोजे काढून त्याची बोटं चोळायला लागली.

अर्ध्या तासात बाळाच्या ओठांवर लाली यायला लागली. तासाभराने ते रडलं. चांगलं घसा फोडून रडलं आणि ते ऐकून मुलगाही भिंतीकडे तोंड करून रडला. मग त्याने बाहेर जाऊन मशीनवाल्याला फोन लावला. काकूंना कॉरिडॉरमधून त्याचं बोलणं ऐकू येत होतं: "हो, ते मोठंच. ते नायट्रेट त्यात जातं ना? नाही, सगळं कसं माहीत असेल तुम्हाला, पण विचारून सांगा. तुम्ही विचारलं होतंत आधी काय होतं म्हणून. हो. नाही, आई आता काही म्हणणार नाही."

जाताना डॉक्टरबाई दारात थांबल्या. "तुमच्याकडे पावडरच्या दुधावरचं आणखी एखादं लहान बाळ असेल तर आजच सांगा. उद्यावर नको."

"आम्ही नवीन आहोत," मुलगा म्हणाला. "फारसं कुणाला ओळखत नाही."

खरंच होतं त्याचं. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. ओळखत होत्या त्या काकू. अकरा स्वयंपाकघरं त्यांनी आतून पाहिली होती.

"मी जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"आता कुठे आई?"

"कोपऱ्यावर."

उन्हं कलली होती. रिक्षात बसल्यापासून काकू मनात एकच वाक्य घोळवत होत्या, की माझं चुकलं, ते पाणी बाळाला देऊ नकोस. साधं वाक्य. पण शिवणवालीच्या दारात पोचेपर्यंत त्याचे तुकडे झाले.

मशीनची खडखड थांबली. "या, या काकू," शिवणवाली उठली, मांडीवरचं कापड बाजूला सारलं. "आत्ताच तुमची आठवण काढली. पाणी ठेवलंय बघा उकळायला."

गॅसवर पातेलं होतं. पाणी बरंच खाली गेलं होतं. वर भिंतीवर ते अर्धं पान. काकूंनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"अहो, अजून निम्मं नाही झालं."

"राहू दे. बाळ कुठाय?"

"झोपलाय. अगदी शांत पोरगा आहे हो. कामात असले तर हाक नाही, रडणं नाही. मला तर वाटतं देवानेच सोय केली माझी."

त्यांनी बाळाला उचललं, खिडकीशी नेलं, दुपट्यातून हात बाहेर काढला. नखं पाहिली. यावेळी त्यांनी पाहायचं ठरवून पाहिलं.

"चल," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात दाखवून येऊ. रिक्षा उभी आहे."

"का? काय झालं?"

इथे ते वाक्य बोलायचं होतं. आत्ता बोललं तर ही बाई इथेच हातपाय गाळेल, वेळ जाईल, असं काकूंनी स्वतःला सांगितलं. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि काकूंना ते कळत होतं.

"रंग बरा नाही त्याचा," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीलाही तसंच झालं. डॉक्टर चांगल्या आहेत."

शिवणवालीने घाईघाईने कुलूप लावलं. चावी दोनदा खाली पडली. रिक्षात बाळ काकूंनीच धरलं. ती नवऱ्याला फोन लावत राहिली, तो लागेना. "तुम्ही आलात म्हणून कळलं तरी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझ्या लक्षातच आलं नसतं. तुमचे उपकार कसे फेडू सांगा." काकू बाळाच्या श्वासाकडे बघत होत्या. दर खड्ड्याला त्या हात थोडा वर उचलायच्या, म्हणजे पोराला धक्का बसू नये.

डॉक्टरबाई निघायच्या तयारीत होत्या. बाळाला पाहिल्यावर त्यांनी पर्स परत खुर्चीवर ठेवली. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतली बाजू, सगळं पाहून झालं. "हा इतका नाही गेलेला," त्या म्हणाल्या. "वेळेत आणलंत. घाबरू नका." शिवणवाली तिथल्या बाकावर बसली. पलीकडच्या खाटेवर सूनबाई नातीला थोपटत होती, मुलगा पायाशी उभा होता.

"पाणी त्याच बोअरचं?"

"हो," शिवणवाली म्हणाली. "पण तपासलेलं आहे, डॉक्टर."

"त्याच ओळखीच्या माणसाने?"

मुलगा एक पाऊल पुढे आला. शिवणवालीने कौतुकाने काकूंकडे बघत तोंड उघडलं. तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं. ती आता चारचौघांत काकूंचं नाव घेऊन गुण गाणार होती. ते मात्र काकूंना सहन झालं नसतं.

"मी तपासलं," काकू म्हणाल्या. "ओळखीचं माणूस वगैरे कुणी नाही. मी जंतू तपासले आणि पाणी चांगलं आहे म्हणून लिहून दिलं. वरच्या मजल्यावरचं मला काही येत नाही, तरी लिहून दिलं. निम्मं आटवायलाही मीच सांगितलं." मग त्या शिवणवालीकडे वळल्या. "तुझ्या पोराला जे झालंय ते माझ्या सांगण्याने झालंय. घरी आले तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

शिवणवाली त्यांच्याकडे बघत राहिली. एकेक शब्द तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. मग ती उठली आणि काकूंच्या हातातून तिने आपलं बाळ काढून घेतलं. हिसकावलं नाही. नीट, मानेखाली हात घालून, काढून घेतलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

नर्स सुई भरायला गेली. मुलगा काहीतरी बोलू पाहत होता, "आई, तुला काय माहीत होतं," असं काहीसं, पण काकूंनी हातानेच त्याला गप्प केलं. सूनबाई थोपटायची थांबली होती.

"किती घरांना सांगितलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अकरा. ही दोन धरून."

डॉक्टरबाईंनी कोरा कागद ओढला. "सांगा. कोण राहतं, वय काय, घरात आजारी कोण, सगळं."

काकू उभ्याच राहिल्या. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही आणि त्यांनाही बसावंसं वाटलं नाही. ही दोन घरं सोडून त्यांनी गल्लीच्या कोपऱ्याकडून सुरुवात केली. तिसऱ्या घरात दोघं म्हातारी, मुलं परगावी. चौथ्यात शाळामास्तर, त्यांची मुलं मोठी आहेत. पाचव्यातले सध्या गावाला गेलेत, महिनाअखेरीला परत येतील. टाकीसमोरच्या घरात नवरा-बायको, नवीन लग्न झालेलं. बायको चार महिन्यांची गरोदर आहे, तिला उलट्या होतात म्हणून काकूंनीच सांगितलं होतं, की पाणी भरपूर पीत जा.

डॉक्टरबाईंचं पेन तिथे थांबलं. त्यांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

"पुढचं," त्या म्हणाल्या, आणि काकूंनी पुढचं घर सांगितलं.